आधी जागा मोज

अनेक आशीर्वाद.

तुझी तालमीची वही वाचली. विल्यम विचर्लीच्या ‘द कंट्री वाइफ’ या जुन्या इंग्रजी विनोदी नाटकातली सगळी स्वगतं तू लाल शाईने खोडली आहेस आणि समासात लिहिलंयस, ‘आजच्या प्रेक्षकाला खोटं वाटेल’. पुढची कित्येक पानं सनावळीची: कोण कधी जन्मला, कोणतं नाटक कधी लागलं. आणि शेवटी प्रश्न, की एवढं वाचूनही हे नाटक हाताला का लागत नाही?

कारण तू जागा मोजली नाहीस. नाटककारांची यादी म्हणजे रंगभूमीचा इतिहास नव्हे. नट कुठे उभा होता, उजेड कुठून येत होता, आत यायला दार होतं की विंग, हे आधी. संवाद त्यानंतर. माझीही उमेदीची वर्षं सनावळी घोकण्यात गेली, म्हणून हे इतकं कळवळून लिहितोय.

लंडनच्या ‘फॉर्च्युन’ नाट्यगृहाचा 1600 सालचा बांधकामाचा करार आजही वाचायला मिळतो. सुतार पीटर स्ट्रीट, रक्कम 440 पौंड. इमारत बाहेरून 80 फूट चौरस, आतलं अंगण 55 फूट चौरस. रंगमंच 43 फूट रुंद आणि थेट अंगणाच्या मध्यापर्यंत पुढे आलेला, म्हणजे साडेसत्तावीस फूट खोल. सोबतचा नकाशा हरवला, पण आकडे उरले, आणि तेवढे पुरेत. तीन बाजूंनी माणसं, वर उघडं आभाळ, भर दुपारचा उजेड, समोर पडदा नाही. आता त्या काळच्या शोकांतिका पुन्हा उघड. शेवटी प्रेतं उचलून न्यायचे हुकूम का असतात? पडदाच नाही, तर मेलेला नट उठून जाणार कसा? रात्र झाल्याचं पात्रांनी बोलून का दाखवायचं? दिवे मंद करायची सोयच नव्हती. तू याला ‘काव्यमयता’ म्हणून मोकळा होतोस. काव्य आहेच, पण ते जागेच्या गरजेतून आलंय.

शेक्सपिअरची नटमंडळी 1608 नंतर लंडनच्याच ‘ब्लॅकफ्रायर्स’च्या बंदिस्त दालनात खेळू लागली, तेव्हा मेणबत्त्या आल्या. वात वाढली की ती काजळते, म्हणून खेळ थांबवून वाती कापाव्या लागत. अंकांमधली संगीताची विश्रांती तिथे रुजली. पुन्हा तेच: आधी जागा.

इटलीत प्रवास वेगळा झाला. व्हिचेंझाचं ‘तेआत्रो ओलिंपिको’ नाट्यगृह 1585 मध्ये उघडलं. वास्तुकार पाल्लादिओने आखलेलं, तो गेल्यावर स्कामोझ्झीने पूर्ण केलेलं. मागच्या कमानींतून लाकडी रस्ते दूर जाताना दिसतात, पण घरं मागे मागे लहान होत जातात. नट आत शिरला की खिडक्यांपेक्षा मोठा दिसू लागतो आणि सगळा आभास मोडतो. म्हणून देखावा मागे आणि नट पुढे, ही वाटणी पक्की झाली. पुढे 1640 च्या दशकात तोरेल्लीने व्हेनिसमध्ये रंगमंचाच्या तळघरात गाडे बसवले. त्यांच्यावरचे खांब फळ्यांच्या खाचांतून वर येत, खांबांवर विंगा, आणि सगळ्या दोऱ्या एका रहाटाला. रहाट फिरला की सगळ्या विंगा एकदम बदलत, तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

आता तुझ्या नाटकाकडे ये. लंडनची नाट्यगृहं 1642 मध्ये बंद झाली. 1660 मध्ये राजा दुसरा चार्ल्स परतला आणि किलिग्रू व डॅव्हनंट या दोघांना नाटकमंडळ्या चालवायचे परवाने मिळाले. दोघांनी लवकरच बस्तान बसवलं ते जुन्या, छप्पर असलेल्या टेनिस कोर्टांत. लांबट, अरुंद दालनं ती. 1661 मध्ये डॅव्हनंटने तिथे सरकते देखावे आणले. तुझं नाटक 1675 चं, एक वर्षापूर्वीच उघडलेल्या नव्या ड्र्युरी लेन नाट्यगृहातलं. तिथे इटालियन देखावा कमानीच्या, म्हणजे मंचाच्या दर्शनी चौकटीच्या, मागे, आणि नट मात्र कमानीच्या पुढे, जुन्या इंग्रजी सवयीने प्रेक्षकांत घुसलेल्या मंचावर. दोन्ही कडांना खरी, बिजागरीची दारं. झुंबरं नटावरही आणि प्रेक्षकांवरही जळत राहायची. नाटकाचा नायक हॉर्नर, त्याला समोरच्या बाकावरचा माणूस चेहऱ्यासकट दिसत होता!

आणि तू स्वगतं खोडतोस! अरे, या नाटकाचं पहिलं वाक्यच स्वगत आहे. हॉर्नर येतो, डॉक्टर अंतर राखून मागून, आणि हॉर्नर आधी प्रेक्षकाशी बोलतो. तुझ्या तालमीत ते खोटं वाटलं, कारण तुझा नट काळोखाकडे बघून बोलत होता. काळोखाशी कुणी गुपित बोलतं का?

चिनी भांड्यांच्या प्रवेशाचंही तसंच. चिनी भांडी बघायच्या निमित्ताने दुसऱ्याची बायको हॉर्नरबरोबर आतल्या खोलीत, तिचा नवरा बाहेर दाराशी. तिथे कडी लागल्याचा आवाज हवा. तुझ्या नटी विंगेत कुठेतरी विरघळून जातात, मग हसू येणार कशाचं?

देखाव्यासाठी तू काळोख करणार आहेस, तोही करू नकोस. त्या काळी पूर्वरंगाच्या भाषणानंतर वर गेलेला पडदा शेवटापर्यंत वरच राही. रंगवलेल्या दोन पाख्या खाचांतून सरकत येऊन मध्ये मिळत. तू बनवल्यास तर खाचेत पाव इंच मोकळीक ठेव आणि मेण लाव. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पाखी अर्ध्यावर अडते. मधल्या सांध्यावर कापडाची पट्टी मार, नाहीतर फटीतून मागचा उजेड दिसतो.

लोक म्हणतात, हा मोजपट्टीचा हट्ट आहे, शब्दांवर प्रेम नाही. शब्दांवर प्रेम आहे म्हणूनच हट्ट आहे. ड्र्युरी लेन चालवणाऱ्या ख्रिस्टोफर रिचने जास्त प्रेक्षक बसवायला तिथला पुढचा मंच सुमारे चार फूट कापला आणि पुढच्या दारांच्या जागी बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांचे खास कप्पे, केले. कॉली सिबर या नटाने कित्येक वर्षांनी, 1740 मध्ये, त्याबद्दल हळहळून लिहिलं. चार फुटांसाठी! त्याला ठाऊक होतं की चार फूट मागे गेलं की आवाज आणि डोळ्यांतला बारकावा दोन्ही हरवतात.

तेव्हा उद्या तालमीच्या हॉलमध्ये खडूने कमानीची रेघ मार. सगळा अभिनय रेघेच्या अलीकडे. कडांना दोन दारं उभी कर, कडीसकट. हॉलचे दिवे चालू ठेव. पहिल्या रांगेत सहा जणांना बसव आणि पहिला प्रवेश खोडाखोड न करता खेळ. मग पहिलं वाक्य बोलताना हॉर्नर त्या सहा जणांपासून किती फुटांवर होता, ते मोजून मला कळव.