आधी त्या वह्या तिला परत द्या

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या सराव परीक्षेत आपल्या मुलीला रसायनशास्त्रात 61 गुण मिळाले, हे आपण मला पाठवलेल्या तक्रारीच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे. रॉकेटच्या घन प्रणोदकांविषयी, म्हणजे जळून रॉकेटला पुढे ढकलणाऱ्या घन इंधनमिश्रणांविषयी, तिने भरलेल्या दोन वह्या आपण कपाटात कुलूपबंद केल्या, हे मात्र शेवटी, जाता जाता. मला काळजी वाटते ती या शेवटच्या ओळीची. वहीचे जे पान आपण तक्रारीसोबत पाठवले, त्यावर तिने विचारले आहे की, ज्वलनदराच्या सूत्रातील दाबाचा घातांक 1 पेक्षा मोठा असेल तर काय होईल. नोझलमधून, म्हणजे रॉकेटच्या मागच्या निमुळत्या तोंडातून, बाहेर पडणारा वायू दाबाच्या समप्रमाणात वाढतो. घातांक 1 पेक्षा मोठा असेल तर निर्माण होणारा वायू त्याहून झपाट्याने वाढतो, दाब कोठेच स्थिरावत नाही आणि रॉकेटची मोटर, म्हणजे प्रणोदक जळते ते कवच, फुटते. इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलीला विषय झेपत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य नाही.

‘ज्वलनाचे हे सिद्धांत केव्हाच पूर्ण झाले, आता त्यात उरले काय?’ असे आपण विचारता. हा मोठा गैरसमज आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे सूत्र ज्वलनदर दाबानुसार कसा बदलतो एवढेच सांगते. त्यातील स्थिरांक आणि घातांक आजही प्रत्येक मिश्रणासाठी चाचणी घेऊनच ठरवावे लागतात. ते तसेच का येतात, हा खरा प्रश्न. संमिश्र प्रणोदकात, म्हणजे ऑक्सिजन पुरवणाऱ्या पदार्थाचे कण इंधनात मिसळून केलेल्या प्रणोदकात, उष्णतेने पृष्ठभागाचे विघटन होऊन वायू निघतात आणि ज्योत त्या वायूंची असते; दाब वाढला की ती पृष्ठभागाच्या अधिक जवळ येते, जास्त उष्णता परत देते आणि ज्वलन वेग घेते. संशोधक समरफील्ड यांनी 1960 च्या सुमारास या ज्योतीचे विसरणावर, म्हणजे वायू एकमेकांत मिसळण्यावर, आधारलेले प्रतिमान मांडले. 1970 मध्ये बेकस्टेड, डेर आणि प्राइस या संशोधकांनी अमोनियम परक्लोरेट या ऑक्सिजन पुरवणाऱ्या क्षाराच्या एकेका कणाभोवती तीन निरनिराळ्या ज्योती कल्पिल्या. प्रज्वलनाबाबत, म्हणजे प्रणोदक मुळात पेट कसे घेते याबाबत, तर निर्णायक अभिक्रिया घनात होते, पृष्ठभागावर होते की वायूत, यावरून तीन विचारधारा निर्माण झाल्या. ‘पेटले’ कशाला म्हणायचे, यावरही मतभेद आहेत, कारण पहिला प्रकाश दिसूनही बाहेरची उष्णता काढून घेताच प्रणोदक विझू शकते.

या क्षेत्रात जाण्याचा मार्ग परिचित आहे: प्रवेश परीक्षा, मग एरोस्पेस, मेकॅनिकल किंवा केमिकल अभियांत्रिकी, आणि पुढे संशोधन. क्षेत्र अरुंद आहे, त्यातील बरेच काम गोपनीय असते आणि जागा थोड्या असतात, हे मी लपवणार नाही. परंतु ज्वलन आणि उष्णतावहनाचे हेच शिक्षण गॅस टर्बाइन आणि अग्निसुरक्षेतही उपयोगी पडते. त्याऐवजी तिने संगणकशास्त्र घ्यावे, हा आपला आग्रह मला अनाठायी वाटतो, कारण या ज्योतींची गणिते आज संगणकावरच सोडवली जातात आणि प्रोग्रामिंग तिला तेथेही शिकावेच लागेल. एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे: घरी कोणतेही मिश्रण तयार करायचे नाही, चिमूटभरसुद्धा नाही, आणि हे तिला कारणांसह, स्पष्ट शब्दांत सांगा.

पुढच्या पत्रात गुणपत्रिका पाठवू नका. वह्या तिच्या हाती द्या, त्या तीन विचारधारांपैकी तिला कोणती पटते आणि का, हे तिला विचारा, आणि तिचे उत्तर तिच्याच अक्षरात मला पाठवा.