कॉन्फरन्समध्ये पहिल्यांदाच पेपर सादर करायचा आहे. तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, ॲब्स्ट्रॅक्ट स्वीकारलं गेलंय, २० मिनिटांची वेळ मिळाली आहे, स्लाइड ३८ झाल्यात आणि प्रश्नोत्तरांच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतोय. त्या गोळ्याचं औषध ३८ स्लाइडमध्येच आहे, म्हणून आधी तिकडे वळते.

२० मिनिटं मिळाली म्हणजे २० मिनिटं बोलायचं नसतं. बहुधा त्यातली १५ बोलायला आणि ५ प्रश्नांना असतात. कार्यक्रमपत्रिकेत तसं स्पष्ट नसेल तर आयोजकांना मेल करून विचारा, त्यात संकोच कसला? शिवाय आधीच्या वक्त्याचं लांबतं, लॅपटॉप जोडण्यात मिनिट जातं. मी १५ मिनिटं असतील तर १३ची तयारी करते. १३ मिनिटांत ३८ स्लाइड म्हणजे एका स्लाइडला जेमतेम २० सेकंद. तेवढ्यात माणूस आलेखाचे अक्षसुद्धा वाचू शकत नाही.

सत्राध्यक्ष म्हणून बसलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नवे संशोधक निम्मा वेळ पार्श्वभूमीत घालवतात: आधी कोणी काय लिहिलं, कुठल्या संज्ञेच्या किती व्याख्या आहेत, नमुना कसा निवडला, त्याच्या सगळ्या पायऱ्या. मग ‘२ मिनिटं उरली’ची पाटी दिसते आणि निष्कर्षांच्या स्लाइड सटासट पुढे सरकतात. जे सांगायला एवढ्या लांब आलो तेच राहून जातं. यामागे बहुतेकदा आपण पुरेसं वाचलेलं नाही असं कुणाला वाटेल की काय, ही धास्ती असते. पण संशोधन समितीपुढचं सादरीकरण वेगळं आणि हे वेगळं. समितीला तुम्ही काय काय केलंत ते तपासायचं असतं. इथे समोर बसलेल्याला तुम्हाला काय सापडलं एवढंच हवं असतं, आणि त्याने सकाळपासून बरेच पेपर ऐकलेले असतात.

तेव्हा लॅपटॉप मिटा आणि कागदावर एकच वाक्य लिहा: ऐकणाऱ्याने बाहेर जाऊन आपल्या सहकाऱ्याला तुमच्या पेपरबद्दल काय सांगावं? ते वाक्य म्हणजे विषयाचं नाव नव्हे, विधान हवं. समजा, ‘ग्रंथालयाच्या वेळा आणि वाचकसंख्या यांचा अभ्यास’ हा झाला विषय. ‘ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवल्याने वाचक वाढले नाहीत, आधीचेच वाचक उशिरा येऊ लागले’ हे झालं विधान. यावर कुणी मान डोलावेल, कुणी वाद घालेल. असं वाक्य सुचत नसेल तर स्लाइड बनवण्याची वेळ अजून आलेली नाही. गाइडशी बसून आधी ते ठरवा.

मग प्रत्येक स्लाइडला विचारा: हे विधान पटायला तुझी गरज आहे का? नसेल तर ती काढून टाकू नका, शेवटच्या स्लाइडच्या मागे नेऊन ठेवा. १२ ते १५ स्लाइड पुढे राहतील, बाकीच्या मागे. आणि मागे गेलेली प्रत्येक स्लाइड म्हणजे एका संभाव्य प्रश्नाचं तयार उत्तर असतं. ‘नमुना इतका लहान का?’, ‘हीच चाचणी का वापरली?’, ‘अमुक घटक वगळला तर काय होतं?’ कापलेल्या जागीच लोक बोट ठेवतात, कारण तिथे त्यांना पोकळी दिसते. तुम्ही शांतपणे ‘त्याची एक स्लाइड आहे’ म्हणून ती उघडलीत की सभागृहाचा सूर लगेच बदलतो. मागच्या स्लाइडचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं.

स्लाइडच्या शीर्षकात ‘निष्कर्ष १’ असं न लिहिता निष्कर्षच पूर्ण वाक्यात लिहा आणि खाली त्याचा पुरावा दाखवा: आलेख, छायाचित्र, उतारा, काय असेल ते. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल ॲली या पद्धतीचा बरीच वर्षं पुरस्कार करत आले आहेत. मला तिचा फायदा असा वाटतो की तुम्ही अडखळलात तरी स्लाइड तुमच्या वतीने बोलते. पेपरमधला आलेख तसाच चिकटवू नका. अक्षरं मोठी करून तो नव्याने काढा, आणि दाखवताना आधी आडव्या-उभ्या अक्षांवर काय आहे ते सांगा, मग कुठे बघायचं ते. लाल-हिरव्या रेषांची जोडी टाळा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के जणांना तो फरक नीट दिसत नाही, इतरत्रही असे लोक असतातच.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी वेळेत बसतं, त्यावर विसंबू नका. सुरुवातीची तीन-चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ असू द्यात. मधलं पाठ केलंत तर एक शब्द निसटला की सगळं घसरतं. एकदा तरी तुमच्या विषयाबाहेरच्या माणसाला ऐकवा आणि ‘कसं वाटलं?’ असं न विचारता ‘मला काय सापडलं ते सांग’ म्हणा. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांत लिहिलेला पेपर वाचून दाखवायची पद्धत आहे. तिथे वाक्यं कानासाठी लिहा, म्हणजे आखूड. वेळ कमी पडला तर कुठला परिच्छेद गाळायचा तो आधीच पेन्सिलीने खुणावून ठेवा.

प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत परत म्हणा. मागच्या रांगेला ऐकू जातो आणि तुम्हाला विचार करायला अवधी मिळतो. उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर अमुक प्रकारचा डेटा लागेल’ हे अगदी पुरेसं उत्तर आहे. वाईट दिसतं ते गोल गोल बोलणं. काही जण प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण करतात. त्यांना ‘यावर आपण चहाच्या वेळी नक्की बोलू’ म्हणा, अध्यक्ष मनातून तुमचे आभार मानतील. आणि कुणीच काही विचारलं नाही तर? तर बहुतेक अध्यक्ष स्वतः एखादा सोपा प्रश्न विचारतात. त्यासाठी आम्ही एक हाताशी ठेवलेला असतो.

धडधड होणारच. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. करून बघायला काही खर्च नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात: फाइल पीडीएफमध्येही ठेवा, पेन ड्राइव्हवर आणि मेलवर दोन्हीकडे. स्लाइडवर देवनागरी मजकूर असेल तर पीडीएफ हवीच, दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात. सत्र सुरू होण्याआधी सभागृहात जाऊन फाइल उघडून बघा आणि अध्यक्षांना भेटून आपलं नाव सांगा.

शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची नको. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच पडद्यावर असते, म्हणून तिथे तुमचं ते एक विधान, मुख्य आलेख आणि ईमेल राहू दे. आणि निघण्यापूर्वी गाइडना एक विचाराच: अजून प्रकाशित न झालेल्यातलं काय दाखवायचं, काय नाही? लोक मोबाइलवर स्लाइडचे फोटो काढतात, आणि एकदा काढलेला फोटो कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.