वाचकांचे प्रश्न : नारकोंडमचा धनेश

प्रश्न : आमच्याकडे कोकणात धनेश पक्ष्याची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. अंदमानातील नारकोंडम बेटावरचा धनेशही असेच करतो का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होय, रीत तीच आहे. मादी ढोलीचे तोंड विष्ठेने लिंपून बंद करते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला उंबर-वडाच्या जातीची फळे भरवत राहतो. नराचे डोके व मान तांबूस, तर मादीची काळी असते. शेपटी दोघांचीही पांढरीशुभ्र. गंमत अशी की पिल्ले, नर असोत वा मादी, सुरुवातीला नरासारखीच दिसतात.

१८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी शास्त्रीय वर्णन केलेली ही जात जगात केवळ या बेटावर आढळते, आणि हे ज्वालामुखीजन्य बेट जेमतेम ७ चौरस किलोमीटरचे आहे! त्यामुळे ढोल्या असलेले जुने वृक्ष टिकणे हाच कळीचा मुद्दा ठरतो. पोलीस चौकीसाठी आणलेल्या शेळ्यांनी कोवळी रोपे फस्त केली, म्हणून पुढे त्या हटवाव्या लागल्या. धनेशाच्या अधिवासाला धोका नको म्हणून या बेटावरील तटरक्षक दलाच्या नियोजित रडार केंद्राला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार दिला होता. नंतर मात्र परवानगी मिळाली.