ऑस्ट्रेलियात ससे नुसते बंदुकीने मारून आटोक्यात का येत नाहीत?

कारण वीण फार. मादी तीन-चार महिन्यांतच विण्याजोगी होते आणि गाभण राहिल्यावर महिन्याभरात पिल्लं. संकट आलंच मुळी शिकारीच्या हौसेतून: १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरिया प्रांतातल्या आपल्या बार्वन पार्क या जमिनीवर ससे सोडले. १९५० मध्ये सशांना जीवघेणा रोग लावणारा मिक्सोमा विषाणू मुद्दाम पसरवला, तेव्हा लागण झालेले जवळजवळ सगळे मेले; पण वाचलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांत प्रतिकारशक्ती आली.

माझ्या मते खरा घाव बिळांवरच घालायला हवा. दुष्काळाने किंवा रोगाने संख्या घटली, की ट्रॅक्टरमागे लांब लोखंडी दात लावून बिळांचं अख्खं जाळं खोलवर उकरून मोडतात. एखादं तोंड शाबूत राहिलं तर काही दिवसांत तिथे ताजी माती आणि लेंड्या दिसतात. बंदूक त्यानंतर, उरलेल्या चार-दोन सशांसाठी.