ठसका लागतो म्हणून पातळ करावे का?

प्रश्न : आमचे बालगृह अचलपूर तालुक्यात, मिशनच्या आवारात आहे. नऊ वर्षांच्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसणे) आहे. मान धरता येत नाही, बोलता येत नाही. वरण-भात कालवून, पाणी घालून पातळ करून भरवतो, तरी रोज ठसका लागतो. पावसाळ्यापासून तीनदा ताप आला. मावशी म्हणतात, कफाची प्रकृती आहे. काय करावे?
– अधीक्षिका

उत्तर : ताई, ठसका आणि पुन्हा पुन्हा ताप एकत्र दिसले की पहिला संशय एकच घ्यायचा : घास श्वासनलिकेत उतरतो आहे. आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या अपंगत्वावर तपासणी-उपचार करणाऱ्या केंद्रात) स्पीच थेरपिस्टला मुलगा जेवताना दाखवा; बोलण्याबरोबर गिळणेही तेच तपासतात. अन्न श्वासनलिकेत जाऊनही काही मुलांना ठसका लागतच नाही. म्हणून जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता येतो का, डोळ्यांना पाणी येते का, हेही बघत राहा.

पातळ केले की सहज उतरेल असे कोणालाही वाटते. इथे मात्र उलटे होते. या मुलाचे गिळणे उशिरा सुरू होते आणि पाणी त्याआधीच घशात पोचते. पातळ वरणातला भात तर सगळ्यात वाईट : पाणी पुढे धावते, शिते मागे राहतात, दोन्ही एकदम सांभाळणे त्याला जमत नाही. सगळे एकजीव, मऊ आणि घट्ट हवे. चमचा तिरपा केला की गोळा सावकाश सरकून पडावा, धार लागू नये. ज्वारीच्या कण्या शिजवून घोटून घेतल्या तर चांगल्या. त्या निवल्या की घट्ट होतात, म्हणून ही परीक्षा भरवतानाच घ्या. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : उष्टा चमचा वाटीत परत परत गेला की लाळेमुळे कण्या, आंबील पाच-दहा मिनिटांत पातळ होते. थोडे थोडे दुसऱ्या वाटीत काढून घ्या. पिण्याचे पाणीही पातळच, तेही घट्ट करून द्यावे लागते; किती घट्ट करायचे ते थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

आता बसणे. मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवणे आजपासून बंद. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. हनुवटी किंचित खाली, कंबर काटकोनात, पावले टेकलेली हवीत. गावातला सुतार खुर्ची करून देईल. बसायच्या फळीची पुढून मागपर्यंतची लांबी ठरवताना ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घ्या आणि त्यातून दोन बोटे वजा करा. गणवेशासारखे ‘वाढत्या अंगाचे’ माप देऊ नका. फळी लांब झाली की मुलगा घसरतो, पाठीला पोक येतो आणि मान पुन्हा मागे. पट्टा पोटावर नको, कमरेच्या खालच्या बाजूला तिरपा बांधा.

भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले तर लेकरू वर बघणारच. उथळ चमचा, अर्धाच भरलेला, जिभेच्या मध्यावर हलके दाबा आणि ओठ मिटेपर्यंत थांबा. वरच्या दातांवर घास खरवडू नका. गळा हललेला दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. अर्ध्या तासात तो थकतो. मग उरलेले रेटू नका, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा, गालात साठलेले काढा. दात दोन वेळा घासा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत गेले तरी न्यूमोनिया होतो.

पंगतीच्या प्रार्थनेत साठ मुले एकदम ‘आमेन’ म्हणतात. अशी मुले मोठ्या आवाजाने दचकतात आणि तोंडात घास असेल तर तिथेच अडकतो. प्रार्थना होऊ द्या, मगच पहिला चमचा. नाताळात पाहुणे प्रेमाने केक, चिवडा भरवतात. खुर्चीवरच पाटी लावा : ‘ताईंना विचारल्याशिवाय भरवू नका.’ थोडे उद्धट वाटेल, पण चालेल.

ठसका लागला तर खोकू द्या, पाणी पाजू नका. खोकताच येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा द्या आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा.

प्रश्न : मेमध्ये आमच्याकडे पारा 45 वर जातो. घट्ट केलेले पाणी त्याला पुरेल का?

उत्तर : घट्ट केले तरी आत पाणीच असते. ते कमी पडते, कारण चमच्याने पाजायला वेळ लागतो आणि मावशी कंटाळतात. दर तासाला पाजण्याची वही ठेवा. लघवी गडद झाली किंवा डायपर दुपारभर कोरडा राहिला तर पाणी कमी पडले समजा. शौचाला तीन दिवस झाली नाही तर मुलगा खाणेच सोडतो. फिटसाठी टोपिरामेट हे औषध चालू असेल तर घाम कमी येतो. अशा मुलाला दुपारी कूलरच्या खोलीबाहेर नेऊ नका. औषध मात्र मनाने बंद करू नका.

प्रश्न : त्याच्या नावाने कागदपत्रे कोणती हवीत?

उत्तर : यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र) आधी. सेरेब्रल पाल्सी असल्याने केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. अर्ज करताना बालकल्याण समितीचा आदेश जवळ ठेवा.