राष्ट्रवादी की राष्ट्रवादीचा?

नागपूरच्या महाल भागातून प्रश्न आला आहे : 'वडील स्वतःला राष्ट्रवादी म्हणवतात, पण घड्याळाला त्यांनी कधी मत दिलं नाही. ऐकणारे विचारतात, कोणत्या गटाचे? त्यांनी हा शब्द सोडावा का?'

मुळीच नाही. पक्ष निघाला 1999 साली. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. घोळ घातला तो बातम्या देणाऱ्यांनी. 'राष्ट्रवादी आमदारांचा सभात्याग' म्हणे! 'राष्ट्रवादीच्या आमदारांचा' म्हणायला काय जातं? तो राष्ट्रवादी आहे, हे झालं मत. तो राष्ट्रवादीचा आहे, हा झाला पक्ष. आणि पक्ष बोलण्यात काँग्रेसच्या वळणावर बाईमाणूस : 2023 मध्ये राष्ट्रवादी 'फुटली', फुटला नाही.

खरी गंमत 'वादी'त आहे. ही इंग्रजीवरून बेतलेली शेपटी, असं काही शुद्धिवाले ठासून सांगतात. काऊन बाप्पा? श्वेताश्वतर उपनिषद सुरूच होतं 'ब्रह्मवादिनो वदन्ति' असं. वद् म्हणजे बोलणे, वादी म्हणजे बोलणारा. मनात काय मानतो याची हमी हा शब्द देतच नाही! कोर्टातला वादी तोच, आणि गाण्यातला वादी स्वरही तोच. रागात ज्याचं बोलणं सगळ्यांत ठसतं तो. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात वादी गंधार म्हणजे ग, देशकारात धैवत म्हणजे ध. तेवढ्यावर चाल बदलते, वेळ बदलते, रात्रीची सकाळ होते. माझ्या मते राजकारणातली लेबलंही अशीच लागतात. देश, शेती, जात, भाषा, विदर्भ हे सूर बहुतेकांच्या गळ्यात असतात. कोण कशावर ठेहराव घेतो त्यावरून तो अमुकवादी ठरतो. कोशांत हे सापडणार नाही. कोशकार मैफलीला जात नसावेत.

आपल्याकडचा 'विदर्भवादी' पाहा. जांबुवंतराव धोटे 1971 मध्ये नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकचे खासदार झाले, 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसचे. पक्ष बदलला तरी लोकांच्या तोंडी ते विदर्भवादीच राहिले. 'विदर्भवादीचे धोटे' असं मात्र नागपुरात बर्डीवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.