जुना ४ जीबीचा लॅपटॉप, वापरणारे दोघं: लिनक्ससाठी हलका विंडो मॅनेजर कोणता घ्यावा?

विंडो मॅनेजर म्हणजे उघड्या खिडक्या स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम. थेट उत्तर हवं असेल तर तुमच्या खात्यात आयथ्री (i3) आणि वडिलांच्या खात्यात आइसडब्ल्यूएम (IceWM), दोन्ही त्याच लॅपटॉपवर. एकच निवडा असं लिनक्स कधी म्हणत नाही.

तुम्ही लिहिलंय की नाशिकला घरी एक जुना लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, स्क्रीन १३६६ बाय ७६८. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, पण जीनोम (त्यातला पूर्ण डेस्कटॉप) रखडत चालतं. दिवसा तुम्ही त्यावर प्रोग्रॅमिंग शिकता, संध्याकाळी वडील लासलगावचे कांद्याचे भाव बघतात, सातबारा काढतात, मराठीत अर्ज टाइप करतात. आणि प्रश्न असा, की ओपनबॉक्स की आयथ्री, सगळ्यात हलका कोणता?

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या लहान युनिटांचे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे नवा पैसा सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनवर) खर्च होतो, डिस्पॅचच्या टेबलावर नाही. त्या टेबलावरचं मशीन जोवर चालू होतंय तोवर चालवायचं, हा नियम. त्यामुळे हलक्या विंडो मॅनेजरांशी माझा संबंध हौसेचा कमी आणि पोटापाण्याचा जास्त आहे.

'सगळ्यात हलका' या शोधात वेळ घालवू नका. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम, आयथ्री हे सगळे साधारण दहा ते तीस एमबीच्या घरात राहतात. जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या साइटचा एक टॅब उघडला की यांच्यातला सगळा फरक तिथेच वाहून जातो. जीनोम सोडून यांपैकी कशावरही आलात तरी काहीशे एमबी मोकळे होतील आणि तो फरक जाणवेल. त्यानंतरची काटकसर ब्राउझरमध्ये करायची असते. खरं तर तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे. रॅम भरली की लिनक्स डिस्कवर स्वॅप करायला लागतं, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर हलवतं, आणि फिरत्या डिस्कवर स्वॅप म्हणजे माउससुद्धा अडखळतो. साधी साटा एसएसडी लावा आणि झेडरॅम चालू करा. झेडरॅम रॅममधलाच मजकूर दाबून बसवतं, म्हणजे डिस्कपर्यंत जायची वेळ कमी येते. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे. विंडो मॅनेजर बदलून जे मिळेल, त्यापेक्षा या दोन गोष्टींनी जास्त मिळेल.

मग निवड कशावर करायची? तर बाकीचं किती सामान आपल्याला जोडावं लागणार, यावर. जीनोम किंवा एक्सएफसीई हा पूर्ण डेस्कटॉप असतो. नुसता विंडो मॅनेजर म्हणजे बिल्डरने ताबा दिलेला रिकामा फ्लॅट, पंखासुद्धा तुम्हीच आणायचा.

ओपनबॉक्सवर पहिल्यांदा लॉगिन केलंत की हे कळतं. काळी-करडी स्क्रीन, मधे माउसचा बाण, बस्स. पट्टी नाही, घड्याळ नाही, वायफायचं चिन्ह नाही. उजवं बटण दाबलं की मेनू येतो, तेवढाच काय तो आधार. खालची पट्टी हवी तर टिंट२ घ्या. वायफायसाठी एनएम-ॲपलेट, वॉलपेपरसाठी फेह, सूचनांसाठी डन्स्ट, पेनड्राइव्ह आपोआप दिसावा म्हणून यूडिस्की, पासवर्ड विचारणारी खिडकी यावी म्हणून पोलकिटचा एजंट. हे सगळं ऑटोस्टार्ट नावाच्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहायचं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अँड (&) हे चिन्ह द्यायचं. ती फाइल साधी शेल स्क्रिप्ट असते. ज्या ओळीला ते चिन्ह नाही, तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत खालची ओळ चालूच होत नाही. 'पट्टी आली पण वायफाय आलं नाही' अशी तक्रार असली की मी आधी ते चिन्ह शोधतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना आधी माहीत नसते. टचपॅडवर हलकी टिचकी मारून क्लिक करायची सोय लिबइनपुटमध्ये (टचपॅड-माउस सांभाळणाऱ्या भागात) मुळात बंद असते. जीनोममध्ये ती सेटिंग्जमधून एका बटणाने चालू होते, नुसत्या विंडो मॅनेजरमध्ये मात्र एक्सऑर्गच्या (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'टॅपिंग' चालू असं आपणच लिहावं लागतं. हे राहिलं तर वडील पहिल्याच संध्याकाळी 'माउस बिघडला' म्हणतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

म्हणून वडिलांसाठी आइसडब्ल्यूएम. १९९७ पासूनचा आहे, दिसायलाही त्याच काळातला, आणि इथे तीच जमेची बाजू. पट्टी, सुरुवातीचा मेनू, घड्याळ, चिन्हांची जागा, बॅटरी, सगळं त्याच्यातच येतं. वर फार तर वायफाय आणि आवाजाचं चिन्ह जोडायचं. आमच्या एका डिस्पॅचच्या टेबलावर तो आहे. पाळी बदलली की नवा माणूस बसतो, खाली डावीकडे बघतो, क्लिक करतो, चलन छापतो आणि उठतो. हे लिनक्स आहे का, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. डेस्कटॉप याहून वेगळा काय असावा?

आइसडब्ल्यूएममध्ये लॉगिनबरोबर काय सुरू व्हावं ते स्टार्टअप नावाच्या फाइलमध्ये लिहायचं असतं, आणि त्या फाइलला 'चालवायची परवानगी' द्यावी लागते. ती नसेल तर तो कुरकुरत नाही, सरळ दुर्लक्ष करतो. मेनूही साध्या मजकुराच्या फाइलमधून बदलता येतो. वडिलांना लागणाऱ्या चारपाच गोष्टी वर आणा, बाकीचं खाली ढकला. नावं मराठीत लिहिली तरी चालतात.

आता तुमचा आयथ्री. २००९ मध्ये मिखाएल स्टापेलबर्ग यांनी सुरू केलेला हा टायलिंग विंडो मॅनेजर. खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, स्क्रीन वाटून घेतात. पहिल्यांदा सुरू केलात की तो विचारतो, कॉन्फिग तयार करू का, आणि मुख्य की विंडोजची ठेवू की ऑल्ट. विंडोजची ठेवा, कारण ऑल्ट बाकीच्या प्रोग्रॅमांना लागते. त्या कीबरोबर एंटर दाबलं की टर्मिनल, डी दाबलं की प्रोग्रॅम उघडायची पट्टी, आकडा दाबला की त्या नंबरचं वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांचा वेगळा पडदा. कॉन्फिग बदललं की त्याच कीबरोबर शिफ्ट आणि आर दाबा, उघड्या खिडक्या न मिटता तो जागेवरच नव्याने सुरू होतो. ओपनबॉक्सपेक्षा यात जोडणीचं कामही कमी आहे, कारण वायफायचं चिन्ह, स्क्रीन लॉक आणि आवाजाच्या की यांच्या ओळी मूळ कॉन्फिगमध्ये लिहूनच येतात. ती पॅकेजेस तेवढी असली पाहिजेत.

पण टायलिंगचं जे कौतुक व्हिडिओंमध्ये दिसतं ते मोठ्या मॉनिटरवरचं असतं. तुमची स्क्रीन १३६६ रुंद आहे. दोन खिडक्या शेजारी ठेवल्या की प्रत्येकीला ६८३ पिक्सेल येतात. तेवढ्या रुंदीत बऱ्याच साइट मोबाइलचा अवतार घेतात आणि कोडच्या लांब ओळी तुटतात. म्हणून अशा लॅपटॉपवर मी आयथ्री टॅबसारखा वापरायला सांगतो. मुख्य की आणि डब्ल्यू दाबलं की त्या वर्कस्पेसच्या खिडक्या ब्राउझरच्या टॅबसारख्या एकामागे एक लागतात. एक नंबरवर एडिटर, दोनवर टर्मिनल, तीनवर ब्राउझर. खरा फायदा या उड्यांचा आहे, हात कीबोर्डवरून न उचलता दुसरीकडे पोचण्याचा. वाटणी तुम्ही पुढेमागे मॉनिटर जोडलात तर कामाला येईल.

मराठीचं जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही.

आधी फॉन्ट. डेबियन अगदी कमीत कमी सामानासह टाकलं असेल तर देवनागरीच्या जागी चौकोन दिसू शकतात. नोटो किंवा लोहित देवनागरी टाका. मग टायपिंग. वडिलांना इन्स्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी कीबोर्ड मांडणी) येत असेल तर वेगळा प्रोग्रॅम लागतच नाही. सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने 'यूएस' आणि 'इन' असे दोन लेआउट द्या, ऑल्ट-शिफ्टवर अदलाबदल ठेवा आणि ती ओळ स्टार्टअपमध्ये टाका. याला जवळजवळ शून्य रॅम लागते. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची सवय असेल तर आयबस (भाषेचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज लागेल, त्यात मराठीचे फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय आहेत. जीनोम हे सगळं पडद्यामागे करतं. इथे आयबस आपण सुरू करायचं असतं, शिवाय जीटीके आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची साधनं) वापरणाऱ्या प्रोग्रॅमांना 'आयबस वापरा' असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगावं लागतं. डेबियनवर इम-कॉन्फिग एकदा चालवून आयबस निवडलंत की ही दोन्ही कामं लॉगिनच्या वेळीच होतात.

आयथ्रीमध्ये यात एक पेच आहे. आयबस भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेस वापरतं. आयथ्रीने नेमकी तीच जोडी तरंगत्या खिडक्यांकडे जाण्यासाठी राखून ठेवलेली असते. मग तुम्ही दाबत राहता आणि मराठी काही येत नाही. आयथ्रीच्या कॉन्फिगमधली ती ओळ काढून टाका किंवा आयबसची जोडी बदला. मी ओळच काढतो, तरंगत्या खिडक्या उघडतात कितीशा!

बाकीच्यांबद्दल भराभर. डीडब्ल्यूएम दोन हजार ओळींच्या आत राहण्याचा बाणा मिरवतो आणि त्याची सेटिंग्ज बदलायची तर सी मधली फाइल बदलून परत कंपाइल करावं लागतं. सी शिकायला छान, पण त्यात आणि एक्समोनॅडमध्ये जावाचे काही प्रोग्रॅम नुसती कोरी करडी खिडकी दाखवतात, त्यासाठी वेगळं व्हेरिएबल द्यावं लागतं. ऑसमची कॉन्फिग लुआत, क्यूटाइलची पायथनमध्ये. पायथन शिकत असाल तर सहा महिन्यांनी क्यूटाइल जरूर बघा, आत्ता नको. एवढं कॉन्फिग नकोच असेल तर एलएक्सक्यूटी घ्या. तो पूर्ण डेस्कटॉप असून जीनोमपेक्षा बराच हलका आहे, आणि तो निवडण्यात कमीपणा काही नाही.

ओपनबॉक्स मी सुचवत नाही, त्याचं कारण आणखी एक आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. अजून ठणठणीत चालतो, पण तो, आइसडब्ल्यूएम आणि आयथ्री हे तिघंही एक्स११ चे, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या जुन्या पद्धतीचे, आणि मोठे डेस्कटॉप आता वेलँड या नव्या पद्धतीकडे निघालेत. जुन्या लॅपटॉपला याची घाई नाही, डेबियनमध्ये एक्स११ अजून बराच काळ मिळेल. तरी ओपनबॉक्सचीच पद्धत आवडली तर लॅबडब्ल्यूसी बघा. तो वेलँडचा आहे आणि कॉन्फिगची ठेवण ओपनबॉक्सचीच. रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच मुख्य केला. आयथ्रीचा वेलँडवरचा जोडीदार स्वे. आयथ्रीची कॉन्फिग त्यात बहुतांशी तशीच चालते, त्यामुळे आज शिकलेलं वाया जाणार नाही.

लावायचं असं. वडिलांचं वेगळं खातं करा. लॉगिनसाठी लाइटडीएम टाका, आइसडब्ल्यूएम आणि आयथ्री दोन्ही इन्स्टॉल करा. लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडायची जागा असते, तिथे प्रत्येकाने एकदा आपापलं निवडलं की पुढच्या वेळी खात्याप्रमाणे तेच आपोआप येतं. जीनोम महिनाभर काढू नका, काही अडलं तर परत जायला वाट राहील. नुसतं डिस्कवर पडून राहिल्याने ते रॅम खात नाही. आणि वडिलांना लॅपटॉप देताना 'स्विच यूजर' करू नका, लॉगआउट करा. नाहीतर तुमचा ब्राउझर सगळ्या टॅबांसकट मागे रॅम अडवून बसतो, आणि ४ जीबीत दोन ब्राउझर मावत नाहीत.

लॅपटॉपचं मॉडेल लिहिलंत तर रॅमचा दुसरा स्लॉट आहे का आणि त्यात कुठली रॅम बसेल, ते बघून सांगतो.